कडी पुन्हा पुन्हा तपासता? सुरुवात इथून करा

ताई, ओसीडीत, म्हणजे तीच शंका नि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनाच्या आजारात, शंका येणारच. ती दाबू नका. थांबवायचं ते तपासणं. मागच्या दाराची कडी एकदाच लावा, पडवीतून आत या आणि १५ मिनिटं परत जाऊ नका. छाती धडधडेल. धडधडू दे, भीती भरतीसारखी चढते नि आपसूक ओसरते. रोज हेच करा, हळूहळू वेळ वाढवा.

नव्यांच्या चुका दोन:
- "कडी लावली ना?" असं घरच्यांना विचारणं. तेही तपासणंच! त्यांनाही उत्तर देऊ नका म्हणून सांगून ठेवा.
- सगळ्यात मोठ्या भीतीला पहिल्याच दिवशी हात घालणं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. मधेच सोडू नका. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणं जड वाटत असेल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मोफत फोन करा.