सांडपाण्यातल्या धातूंवर पोट भरेल का?

प्रश्न : आमचं सोलापुरात टॉवेलच्या सुताचं छोटं डाइंग युनिट आहे. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डाळिंबाच्या सालीचा कोळसा आणि लोहाचं ऑक्साइड यांचं कॉम्पोझिट (मिश्र पदार्थ) करून पाण्यातलं क्रोमियम काढायचा प्रकल्प तिनं केला. आता यातच पुढे जायचं म्हणते. घरचे म्हणतात, बीएड कर. काय करावं? – एक पालक

उत्तर : पोट भरेल, पण नुसत्या बीएस्सीवर नाही. पाण्यातले धातू स्वतःच्या पृष्ठभागावर चिकटवून घेणाऱ्या अशा पदार्थाला अधिशोषक म्हणतात; ‘अधिशोषक तयार करणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. माणसं लागतात ती पाणी तपासायला आणि ईटीपी, म्हणजे कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, चालवायला.

तिचा प्रकल्प चांगला आहे. लोहाचं चुंबकीय ऑक्साइड मिसळलं की वापरून झालेली भुकटी चुंबकानं ओढून काढता येते, गाळत बसावं लागत नाही. पण तिला तीन गोष्टी विचारा. पाणी कॉलेजात तयार केलेलं होतं की कारखान्यातलं? खऱ्या पाण्यात मीठ, कॅल्शियम, रंग सगळेच भुकटीवरची जागा अडवतात. पीएच किती होता? हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) बहुधा आम्लधर्मी पाण्यात चांगला चिकटतो, शिसं तिथं फारसं चिकटत नाही. आणि धातूनं भरलेल्या भुकटीचं पुढे काय केलं? तो घातक कचरा असतो, उकिरड्यावर टाकता येत नाही. हे तिसरं उत्तर देता आलं, तर पोरीला विषय कळलाय. बहुतेक प्रकल्प इथंच गप्प होतात.

आणखी एक, तुमच्या धंद्यापुरतं. डाइंगच्या पाण्यात मुख्य त्रास रंग, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि क्षारांचा. क्रोमियम, तांबं येतं ते काही ठरावीक धातुयुक्त रंगांतून. धातूंचं खरं काम इलेक्ट्रोप्लेटिंग आणि बॅटरीवाल्यांकडे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. एवढं बारीक मोजायला हात बसावा लागतो, आणि पगार त्या हातालाच मिळतो.

म्हणून एमएस्सी करू द्या, शक्यतो ॲनालिटिकल किंवा एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्रीत. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचा पर्याय आहेच. आयआयटीची इच्छा असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, ती फेब्रुवारीत असते. संशोधनात जायचं तर पुढे सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ही त्या वाटेवरची ठिकाणं. संशोधन नको वाटलं, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आणि कारखान्यांचे ईटीपी आहेत. सुरुवातीचा पगार फार नसतो, हे आधीच सांगतो.

बीएड वाईट नाही, पण ते एमएस्सीनंतरही करता येतं. आत्ता घाई करू नका.

तोवर या सुट्टीत तुमच्याच युनिटच्या हौदातलं पाणी तिला आठवडाभर रोज तपासू द्या. पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी नोंदवू द्या, आणि क्रोमियमसाठी एक नमुना बाहेरच्या लॅबला पाठवा. त्याचे पैसे मात्र तुम्हीच भरा.