सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ३’ आलंय आणि डॉक्टर सहा महिने थांबा म्हणतात. थांबू का? आणि थांबायचं तर हे दिवस काढायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, सोनोग्राफी केली, रिपोर्टच्या तळाशी ‘बायरॅड्स ३’ आलं आणि सर्जन म्हणाले सहा महिन्यांनी या. नवरा म्हणतो काढूनच टाका, सासूबाई म्हणतात सुई लावली की पसरतो, आणि तुम्हाला रात्र रात्र झोप नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. तेव्हा आधी तो कागदच नीट वाचू.

बायरॅड्स ही स्तनाच्या तपासणीचा निष्कर्ष सांगण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली ० ते ६ अशी वर्गवारी आहे. ती कॅन्सरची स्टेज नाही. ‘३’ वाचून तिसरी स्टेज समजणारी घरं खूप आहेत, म्हणून हे पहिलं सांगते. ३ म्हणजे गाठ साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली, असण्याची शक्यता ९८ टक्के किंवा त्याहून जास्त. २ म्हणजे साधीच. ४ आलं की सुईने तुकडा तपासायचा, पण ४ चा पट्टाही फार रुंद आहे: ४ए मध्ये कॅन्सरची शक्यता २ ते १० टक्के, ४सी मध्ये ५० च्या वर. आणि ० आलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की आणखी चित्रं किंवा जुन्या फिल्म पाहिल्याशिवाय मत देता येत नाही.

आता वरच्या ओळी. तुम्ही टाकलेल्या मजकुरात ‘२ ओ’क्लॉक, ३ सेंमी फ्रॉम निपल, ११ × ६ मिमी, ओव्हल, सरकमस्क्राइब्ड, पॅरलल’ असं आहे. समोरून पाहणाऱ्याने स्तनावर घड्याळ कल्पायचं. डाव्या स्तनात २ वाजता म्हणजे वरचा, काखेकडचा भाग. गाठ लांबट गोल आहे, कडा रेखीव आहे आणि ती त्वचेला समांतर आडवी पडलेली आहे: ११ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर उंच. ‘पॅरलल’ हा शब्द लहान दिसतो, पण तो महत्त्वाचा. साधी गाठ भोवतालच्या पेशीजालाला बाजूला सारत आडवी वाढते, तर कॅन्सर थर भेदत उभा वाढण्याकडे झुकतो आणि त्याची कड अस्पष्ट किंवा काटेरी दिसते. तुमच्या वयात असं वर्णन बहुतेक वेळा तरुण बायकांत आढळणाऱ्या साध्या गाठीचं, म्हणजे फायब्रोअ‍ॅडेनोमाचं असतं. मी चित्रं पाहिलेली नाहीत, म्हणून गाठीला नाव देत नाही. पण शब्द ३ ला साजेसे आहेत.

सहा महिनेच का? कारण थांबणं हीसुद्धा एक तपासणीच आहे. एका चित्रात गाठीचा आकार कळतो, वाढण्याचा वेग कळत नाही. महिन्याभरात पुन्हा मोजलं तर खरी वाढ आणि मोजण्यातला फरक वेगळा काढता येत नाही; त्याच गाठीचं माप दोन डॉक्टरांच्या हातून १ मिलिमीटरने सहज बदलतं. वर्षभर थांबलं तर ज्या दोन टक्क्यांत कॅन्सर निघू शकतो, त्यातल्या बाईला उशीर होतो. म्हणून ६, १२ आणि २४ महिने. सहा महिन्यांत लांबी-रुंदी २० टक्क्यांहून जास्त वाढली तर ती वाढ धरतात आणि तुकडा घेतात. तुमच्या ११ चे २० टक्के म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. पुढच्या वेळी १२ आलं तर हातपाय गळून जाऊ देऊ नका. १४ आलं तर सुई. दोन वर्षं जैसे थे राहिली तर रिपोर्टवर २ लिहिलं जातं.

पण हे ३ ग्राह्य धरण्याआधी एक गोष्ट याच आठवड्यात पक्की करा. हाताला लागलेली गाठ आणि चित्रात मोजलेली गाठ एकच आहे का? इथे चूक होते. सोनोग्राफीच्या वेळी बाई लाजून काही बोलत नाही, डॉक्टरांना वेगळीच गाठ दिसते, तिचा रिपोर्ट निघतो आणि हाताला लागणारी तशीच राहते. म्हणून पलंगावर झोपल्यावर स्वतः बोट ठेवून ‘ही’ असं दाखवायचं आणि रिपोर्टमध्ये तसा उल्लेख मागायचा. हाताला कडक, न हलणारी गाठ लागतेय आणि मशीनमध्ये काहीच दिसत नाही, असं झालं तर ‘नॉर्मल’ रिपोर्टवर समाधान मानू नये. सर्जनच्या हाताला संशय असेल तर सुई लावायचीच. आणि चाळिशीपुढच्या बाईला हाताला गाठ लागत असेल तर नुसत्या सोनोग्राफीवर ३ देऊ नये, मॅमोग्राफीही हवी. तुमच्या वयात सोनोग्राफी आधी करतात ते बरोबरच आहे, कारण तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो, गाठही पांढरीच, आणि पांढऱ्यात पांढरं लपतं.

आता सुई. पसरण्याची भीती मनातून काढा. सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी सापडतात, पण त्यामुळे बाईचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. जगभर उपचार सुरू करण्याआधी हीच तपासणी करतात. मात्र ‘सुई’ दोन प्रकारची असते हे विचारून घ्या. एफएनएसीची सुई बारीक, तिच्यात सुट्या पेशी येतात आणि ‘नमुना अपुरा’ असा शेरा बरेचदा येतो. कोअर बायोप्सीत त्याहून जाड, साधारण १४ गेजची सुई असते, आधी जागा बधिर करतात, सोनोग्राफीत पाहत ३ ते ५ तुकडे घेतात. प्रत्येक तुकड्याला स्टेपलरसारखा ‘टक्’ आवाज येतो. तो आधी ऐकवा असं सांगा, म्हणजे दचकून अंग हलणार नाही. मग दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. आठवडाभर काळंनिळं राहतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायची. रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचा प्रश्न एकच: हे उत्तर चित्राशी जुळतं का? जुळत नसेल तर तुकडा गाठीतूनच आला होता का, असा प्रश्न उभा राहतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

बायरॅड्स ३ असूनही लगेच कोअर करून घेणं चुकीचं नाही. आई किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकाचा दोष घरात असेल, लवकरच गर्भधारणेचा विचार असेल, परदेशी जाणार असाल आणि सहा महिन्यांनी परत येणं शक्य नसेल, किंवा झोप इतकी उडाली असेल की काम होत नाही, तर सर्जनला तसं स्पष्ट सांगा. झोप न लागणं हे कारण लहान नाही. गरोदरपणात फायब्रोअ‍ॅडेनोमा वाढू शकतो आणि मग वाढ कशामुळे हे ठरवणं अवघड जातं, म्हणून तो मुद्दा विसरू नका.

तुमच्या यजमानांच्या ‘काढूनच टाका’ला मात्र माझा विरोध आहे. निदानासाठी आधी ऑपरेशन ही उलटी वाट. गाठ साधी निघाली तर नाहक व्रण, आणि कॅन्सर निघाला तर काखेतल्या गाठींचा, गाठीभोवती किती कड सोडायची याचा विचार न करता केलेलं ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. वाढती गाठ, तीन सेंटिमीटरच्या आसपास गेलेली गाठ, फायलोड्स या झपाट्याने वाढू शकणाऱ्या गाठीचा संशय, इथे काढणं योग्य. तिथेही कोअर आधी.

थांबायचं ठरलं तर तारीख आजच घ्या आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. पहिल्या सहा महिन्यांनी बाई येते, सगळं तसंच आहे ऐकून हायसं वाटतं आणि बाराव्या महिन्याला येतच नाही, असं फार होतं. सोनोग्राफीचे फोटो थर्मल कागदावर असतात, ते उन्हाने पुसट होतात आणि लॅमिनेशन केलं तर तापून काळे पडतात. साध्या कागदी पाकिटात ठेवा, फोनवर फोटो काढा, सीडी मागून घ्या.

गाठ रोज चाचपू नका. दाबून दाबून ती जागा दुखरी होते, पाळीआधी स्तन फुगतात, आणि रात्री दोन वाजता बोटांना ती मोठीच लागते. पाळी संपल्यावर महिन्यातून एकदा, मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, बस्स. पुढचं काही दिसलं तर मात्र तारखेची वाट पाहू नका: त्वचेला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखं रूप, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, एकाच छिद्रातून न दाबता आपोआप येणारं रक्ताळ किंवा पाण्यासारखं द्रव, काखेत गाठ, औषधाने न जाणारी लाली, गाठ उघड वाढणं. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही आणि दुखतंय म्हणून घाबरायचंही नाही. दुखण्यावरून काही ठरत नाही. गाठ विरघळवणारे लेप, मालिश यांत महिने घालवू नका.

दुसऱ्या तपासणीला शक्यतो त्याच सेंटरला जा, जुनं पाकीट नोंदणीच्या टेबलावर न ठेवता सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. रिपोर्ट मिळाला की तिथेच उघडा. जुन्या मापाशेजारी नवं माप लिहिलेलं नसेल, तर तुलना लिहून द्या म्हणून तो लगेच परत करा.