तांब्या-पितळेच्या जॉइंटवर सोल्डरिंगनंतर हिरवट पांढरं पडतं, फ्लक्स कसा काढायचा?

आधी फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून जॉइंटला लावतात ते रसायन, कुठला वापरला ते बघा, सगळं त्यावर आहे. राळेचा म्हणजे रोझिनचा असेल तर पाण्याने काही होत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, घासून लगेच कापडाने टिपून घ्या, नाहीतर तोच चिकटपणा पसरून वाळतो.

पण तुम्ही सांगताय तसं हिरवट पांढरं येतंय म्हणजे बहुतेक अ‍ॅसिड फ्लक्स आहे, झिंक क्लोराइड किंवा नवसागरवाला. हा हवेतली ओल ओढतो आणि धातू खात राहतो, त्यामुळे त्याच दिवशी धुवा. जॉइंट गार झाला की गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड मरतं, परत साधं पाणी, आणि पूर्ण कोरडं करा. पांढरा थर तरी हटत नसेल तर तो नुसत्या पाण्यात विरघळणारा नाहीच, त्याला आधी अगदी पातळ, साधारण २ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा हात द्यावा लागतो, ग्लोव्हज घालून आणि खिडकी उघडी ठेवून, मग वरचं सगळं. आणि प्लीज, हा अ‍ॅसिड फ्लक्स सर्किट बोर्डवर अजिबात वापरू नका.