बॉल हातात आला की गडबड होते

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, अकरावीला आहे. दहावीपर्यंत बास्केटबॉल खेळले, आता कॉलेजच्या नेटबॉल टीममध्ये सेंटरला आहे. रोज गच्चीवर भिंतीवर दोनशे पास मारते, पण मॅचमध्ये एकतर बॉल सोडायला मिळणारे तीन सेकंद संपून शिट्टी वाजते नाहीतर समोरची पोरगी पास मधल्यामध्ये कापते. सर म्हणतात मनगटात जोर नाही. काय करू?

उत्तर : अगं, रोज दोनशे पास मारणाऱ्या पोरीच्या मनगटात जोर नाही हे मला पटत नाही. तुझी अडचण बॉल हातात यायच्या आधीची आहे. तू आधी बॉल पकडतीस, मग मान वर करतीस, मग कोण मोकळं आहे ते शोधतीस आणि तिथंच तीन सेकंद संपतात. बास्केटबॉलमध्ये टप्पे मारत बघायला वेळ मिळायचा, इथं ड्रिबल नाही, आणि ज्या पायावर उतरलीस तो उचलला तर परत टेकायच्या आत बॉल सुटलाच पाहिजे. म्हणून बॉल तुझ्याकडं निघायच्या आधीच एकदा खांद्यावरून मागं नजर टाक, गोलाकडं जायला कुठली बाजू मोकळी पडलीय एवढं दिसलं तरी पुरे.

पास कापला जातो ते वेगळं. तू मैत्रीण जिथं दिसती तिथं बॉल टाकतीस आणि तोवर ती तिथनं पुढं गेलेली असती. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅच बघितल्या असशीलच, पळणाऱ्या फॉरवर्डच्या पाठीमागं बॉल पडला की गॅलरी कशी ओरडती! इथंही तसंच, ती जिकडं पळतीय तिकडं हातभर पुढं टाक, आणि डिफेंडर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट्या बाजूला.

आता भिंत. ती सोडू नकोस, फक्त एकटी मारू नकोस. खडूनं छातीच्या उंचीला दोन गोल काढ, मध्ये चार-पाच फूट अंतर ठेव, आणि बॉल भिंतीला लागून परत येत असताना, अजून हवेत असतानाच धाकट्या बहिणीला मागून 'डावा' किंवा 'उजवा' ओरडायला सांग, ती म्हणेल त्या गोलात पुढचा पास मार. पहिले चार दिवस बॉल नुसता हातातनं सुटेल, चिडू नकोस. ते जमलं की भावाला समोर हात वर करून उभा कर. नियमानं डिफेंडरला तुझ्या उतरलेल्या पायापासून 0.9 मीटर म्हणजे साधारण तीन फूट लांब राहावं लागतं, तेवढं टेपनं मोजून रेघ मार. ते तीन फूट किती जवळ वाटतात हे उभं राहिल्यावरच कळतं, आणि खरं सांगते, बहुतेक पोरी मॅचमध्ये घाबरतात त्या याच्यामुळंच, कारण सरावाला समोर कुणी नसतंच.

जोर हवा असेल तर शोल्डर पासला, म्हणजे खांद्यावरून एका हातानं टाकायच्या पासला, उजव्या हातानं टाकताना डावा पाय पुढं घे, ताकद मागच्या पायातनं आणि कमरेतनं येऊ दे, मनगट शेवटी फक्त बोटांना दिशा देतं. बाउन्स पास सर्कलच्या, म्हणजे गोलच्या खांबाभोवतीच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी शूटरला देताना वापर, टप्पा तिच्या जवळ पडू दे, मधोमध नको. आणि लांब फेकायचा नाद सोड, कोर्ट 30.5 मीटर लांब असलं तरी अख्खा एक थर्ड, म्हणजे कोर्टच्या तीन भागांतला एक भाग, ओलांडून कुणाचा हात न लागता बॉल नेता येत नाही. दोन्ही सर्कल सोडून तू कोर्टभर फिरू शकतीस, त्यामुळं छोटा पास देऊन लगेच पुढं पळ आणि परत माग.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, बॉल अंगावर आला की डोळे मिटते.

उत्तर : दादा, आधी घरात कुठला बॉल आहे ते बघा. पाच नंबरचा नेटबॉल असेल तर तो 400 ते 450 ग्रॅमचा, तिच्या बोटांना लागतोय. चार नंबरचा आणा, हवा थोडी कमी ठेवा आणि पहिला आठवडा चार पावलांवरनं अलगद टाका, बोटं पसरून पकडायला सांगा. डोळे उघडे ठेव म्हणून ओरडू नका, बॉल लागायचा थांबला की ती आपोआप बघायला लागती.