सेव्हिलमधली एक रात्र, दोघांचीच

प्रिय मैत्रीण,

मे अखेरीस तू, नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं स्पेनला निघाला आहात. सेव्हिलला मुक्काम आहे. सासूबाई आपणहून म्हणाल्या, "एक रात्र तुम्ही दोघंच बाहेर जेवून या, मी बघते त्याला." मूल झाल्यापासून तुम्ही दोघं असे बाहेर पडलेलाच नाहीत. एवढ्या लांब नेऊन त्याला खोलीवर ठेवायचं हे तुझ्या मनाला पटत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंयस, "खरं सांगू, दोघंच असलो तर बोलायचं काय, याचीच धास्ती वाटते."

तुझं पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहिलं गेलं असावं, असं मला वाटतं. त्याकडे येतेच. पण आधी सांगते: जा. कित्येक घरांत ही मोकळीक सुनेला मागूनही मिळत नाही. तुझ्या सासूबाईंनी ती न मागता दिली आहे, तिचा मान ठेव.

मुलाची काळजी वाटते ना? तुम्ही निघाल तेव्हा तो झोपलेला असेल. सेव्हिलला त्या दिवसांत साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि लोक जेवायलाच नऊनंतर बाहेर पडतात. त्याला आठला वरणभात भरव, गोष्ट सांग, झोपव. तिथल्या खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचे गुंडाळपडदे असतात, पेर्सियाना म्हणतात त्यांना. ते खाली ओढलेस की खोलीत काळोख होतो.

खरी काळजी घ्यायची ती सासूबाईंची. परकं घर, परकी भाषा. दुपारीच त्यांच्या हातून दार उघडून-लावून बघ. शेगडी बटणांची नसून नुसत्या बोटाने चालणारी असेल, तर तिच्यावर त्यांना एकदा चहा करू दे. तातडीचा ११२ नंबर आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून ठेव. मग रात्री तू एकदाच फोन कर. दर दहा मिनिटांनी "उठला का?" विचारलंस, तर तुझा त्यांच्यावर भरवसा नाही असाच अर्थ निघेल.

आता बोलायचं काय. समोरासमोर बसून तीन तासांचं जेवण असेल अशा ठिकाणी जाऊच नका. सवय मोडलेल्या नवरा-बायकोला ते टेबल फार रुंद वाटतं. सेव्हिलची रीत तुमच्यासाठी बरी आहे: बारपाशी शेजारी शेजारी उभं राहायचं, एक-दोन तापास, म्हणजे छोट्या बशीतले पदार्थ, खायचे आणि पुढच्या ठिकाणी चालू लागायचं. एल रिंकोन्सियो हे १६७० पासूनचं ठिकाण आहे. तिथे तुम्ही काय खाल्लंत त्याचा हिशेब समोरच्या लाकडी फळीवर खडूने मांडतात. तुम्ही शाकाहारी आहात, तर एस्पिनाकास कोन गारबान्सोस मागा: पालक आणि काबुली चणे, जिऱ्याचा वास ओळखीचा वाटेल. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं थंडगार दाट सूप, पण त्यावर अंडं आणि हॅम घालतात. "सिन हामोन, सिन उएवो" असं आधीच सांगा.

आधी तासाभराचा फ्लामेंको, म्हणजे तिथलं नाचगाणं, बघितलात तर आणखी चांगलं. तो चालू असताना बोलायचं नसतंच आणि नंतर बोलायला विषय आपोआप मिळतो. मग ग्वादालकिवीर नदीवरचा १८५२ चा लोखंडी पूल ओलांडून पलीकडच्या त्रियाना वस्तीत जा. तिथे रात्री अकरालाही चौकात पोरं खेळत असतात आणि आईबाप बाजूलाच जेवत असतात. त्यांना बघून तुला तुझा पोरगा आठवेल, नवऱ्यालाही आठवेल. "आज मुलाबद्दल बोलायचं नाही" असले नियम करू नका. चार वर्षं तुम्ही दोघांनी मिळून हेच तर केलंय. त्यावरून गाडी दुसऱ्या विषयाकडे वळली तर वळू दे, आणि नाहीच वळली, नुसतेच चाललात, तरी ती रात्र वाया गेली असं समजू नकोस. गप्प राहण्याचा ताण नवऱ्यावरही असेल. तो एकट्या तुझ्या अंगावर घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काही ठरवू नका. नंतर सगळे प्लासा दे एस्पान्याला जा, १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तो मोठा अर्धगोल चौक. तिथल्या कालव्यात वल्हवायच्या होड्या भाड्याने मिळतात. मुलाला घेऊन नवऱ्याला होडीत पाठव, आणि तू रंगीत फरशांच्या बाकावर सासूबाईंपाशी बसून रात्री काय काय खाल्लंत ते त्यांना सांग.

तुझी,
ताई