टाकळ्यावरची भुरी आणि पिवळे किडे: फवारणी थांबवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. गोरेगावला सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत टाकळा, ती पावसाळी रानभाजी, माजलाय, पानांवर पांढरी पूड आहे, बारीक पिवळे किडे आणि हिरव्या अळ्या फिरतायत, आणि कमिटी रविवारी औषध मारून सगळं साफ करणार आहे. माझं ऐकाल तर शेंगा वाळेपर्यंत तरी हात लावू देऊ नका.

पांढरी पूड म्हणजे भुरी, एक बुरशी. ती पानाच्या वरवरच पसरते आणि सालीच्या पेशींत बारीक मुळ्यांसारखं काहीतरी खुपसून रस ओढते. धो धो पावसात धुऊन जाते. पाऊस ओसरून दिवसा ऊन आणि पहाटे दव पडायला लागलं की फोफावते, म्हणून ती नवरात्राच्या आगेमागे दिसते. तोवर टाकळ्याचं वर्ष तसंही संपत आलेलं असतं. गंमत म्हणजे याचं संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे गजकर्ण घालवणारा. गजकर्णही बुरशीच! दुसऱ्याची बुरशी घालवणाऱ्याच्या अंगावर स्वतःची ठाण मांडून.

आता पिवळे किडे. तुमच्यासारखं मीही त्यांनाच गुन्हेगार ठरवलं होतं. गंधक धुरळलं, भुरी गेली, किडेही गेले, मी खूश. पुढच्या वर्षी भिंग घेऊन बसलो तेव्हा कळलं की मी त्यांच्या ताटातलंच काढून घेतलं होतं. मोठ्या साबुदाण्याएवढा, पिवळाधम्मक ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड. पंखांवर एकही ठिपका नाही, पण डोक्यामागच्या पांढुरक्या पट्टीवर दोन काळे ठिपके. नाव इलिस सिंक्टा. ढालकिडा म्हटलं की मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खाणारा आठवतो, नाहीतर वांग्याच्या पानांची चाळणी करणारा. हा मात्र भुरीवर जगतो. भुरीने माखलेलं एक पान आणि चार किडे बरणीत टाकले, तोंडाला फडकं बांधलं. सकाळी पानावर हिरव्या वाटा उमटल्या होत्या, धुळीच्या पाटीवर बोट फिरवल्यासारख्या. भोक एकही नाही. काळ्या ठिपक्यांच्या फिकट पिवळ्या अळ्या दिसल्या तर त्या यांचीच पिल्लं, त्यांचंही जेवण हेच.

हिरव्या अळ्या पानं खातात, हे खरं. पण त्या बहुतेक कॉमन ग्रास यलो किंवा मॉटल्ड एमिग्रंट या फुलपाखरांच्या असणार. मधल्या शिरेला अशा चिकटून बसतात की शेजारचं पान कुरतडलेलं दिसतं आणि अळी दिसत नाही.

टाकळ्याच्या फुलात मध नसतो. परागकोशांना टोकाशी भोकं असतात. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो आणि मिठाची डबी हलवावी तसे पराग झडतात. गोड रस आहे तो पानाच्या दांडीवर, खालच्या पर्णिकांच्या (दांडीवरच्या छोट्या पानांच्या) जोड्यांमधल्या इवल्याशा गाठींत. मुंग्या त्यासाठीच चढतात.

कमिटीला एवढंच सांगा: वाटेवरचा कापा, भिंतीलगतचा राहू द्या. बी पडलं तर जूनमध्ये भाजी घरचीच. भुरीची पानं भाजीला घेऊ नका, आता ती निबरही झाली असतील. आणि कुणाला दाखवायचं असेल तर सकाळी न्या. संध्याकाळी टाकळा पानं मिटून घेतो, मग काहीच दिसत नाही.