बुद्धिबळ शंकासमाधान : ब्लिट्झमधील एंग्लुंड गँबिट

प्रश्न : तीन मिनिटांच्या ब्लिट्झ डावांत मी पांढऱ्याकडून लंडन पद्धतीने (डी4 नंतर लवकरच उंट एफ4 वर आणून) खेळतो, मात्र डी4 या पहिल्याच खेळीला काळ्याने ई5 असे उत्तर दिले की दहा खेळ्यांच्या आत माझा हत्ती जातो किंवा मात होते. असे का घडते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्यासमोर येते ते एंग्लुंड गँबिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊ करून डाव साधण्याची चाल, होय. ई5 वरील प्यादे खाल्ल्यावर काळा घोडा सी6 वर व आपला एफ3 वर येतो, काळा वजीर ई7 वर सरकतो आणि आपण सवयीने उंट एफ4 वर आणता, तेव्हा तो वजीर बी4 वरून शह देऊन उंट व बी2 वरील प्यादे या दोहोंवर एकदम डोळा ठेवतो. उंट डी2 वर घेणे योग्यच. वजिराने बी2 वरील प्यादे मारल्यावर मात्र उंट सी3 वर नेऊन त्याला पकडण्याचा मोह घात करतो, कारण काळ्याचा उंट बी4 वर येऊन आपल्या उंटाला जखडतो, म्हणजे मागे राजा असल्याने त्याला बाजूला होता येत नाही. मग वजीर डी2 वर आणला, काळ्याने उंटाने सी3 वरील आपला उंट मारला आणि आपण वजिराने परत मारले, तर काळा वजीर सी1 वर येऊन मात होते. घोड्याने मारल्यास ए1 वरील हत्ती जातो.

त्याऐवजी सहाव्या खेळीला घोडा सी3 वर आणावा. पुढे हत्ती बी1 वर येताच काळ्या वजिराला पळावे लागते आणि पांढऱ्याची बाजू स्पष्टपणे वरचढ ठरते. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतल्याप्रमाणे प्रत्येक खेळीमागे दोन सेकंद वाढून मिळत असोत वा नसोत, बी4 वरील त्या शहानंतर दहा सेकंद अवश्य खर्च करावेत. काळ्याचे हे गँबिट मुळात कच्चेच आहे, आणि त्याचा सारा भरवसा आपल्या घाईवर असतो.